लीव्ह अँड लायसन्सची ऑनलाइन नोंदणी : घर सोडायच्या दिवशी ती किती कामाला येते?

महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी लोक घरात शिरताना वापरतात आणि तिच्याबद्दलचं मतही तेव्हाच बनवून टाकतात. रांग नाही, रजा टाकावी लागत नाही, एजंट मशीन घेऊन घरी येतो, आधारशी जुळवून अंगठा घेतला, फोटो काढला की काम झालं. मालक पुण्यात आणि भाडेकरू नाशकात असला तरी अडत नाही, वेगवेगळ्या दिवशी अंगठे दिले तरी चालतं. हे सगळं खरंच आहे. पण कराराची परीक्षा होते ती सामान टेम्पोत चढल्यावर, मालक रिकाम्या भिंतीवरून बोट फिरवत असतो तेव्हा. त्या दिवशी ही सेवा भाडेकरूच्या हातात काय देते, तेवढंच इथे पाहिलं आहे. नोंदणीच्या सोयीला पाचपैकी साडेचार गुण. डिपॉझिट परत मिळण्याच्या बाबतीत मात्र, तयार मसुद्यावर न वाचता अंगठा दिला असेल तर, जेमतेम दोन.

आधी खर्च बघू, कारण इथेच एजंट सगळ्यात जास्त धूळफेक करतात. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते लागतं पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर ते, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या तिन्हींच्या बेरजेवर. उदाहरणार्थ भाडं २०,००० रुपये, मुदत ११ महिने, डिपॉझिट १ लाख. भाड्याचे २,२०,००० आणि व्याजाचे ९,१६७ मिळून २,२९,१६७. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण ५७३ रुपये. नोंदणी फी महापालिका-नगरपालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. यावर दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटची मजुरी. एजंटने एकच ठोक आकडा सांगितला, तर शासनाची चलनं वेगळी मागून घ्या. गंमत अशी की शासन तुमच्या डिपॉझिटवर व्याज मिळतंय असं धरून शुल्क घेतं आणि करारात मात्र छापलेलं असतं की डिपॉझिट बिनव्याजी.

मुद्रांक वाचवायचा म्हणून डिपॉझिटचा आकडा कमी लिहायला सांगणारे मालक आणि एजंट भेटतात. हिशेब करून बघा. वरच्या उदाहरणात १ लाखाऐवजी ५० हजार लिहिले तर शुल्कात वाचतात साडेअकरा रुपये. तेवढ्यासाठी ५० हजारांचा पुरावा घालवायचा! हेवी डिपॉझिटवर, म्हणजे भाडं शून्य आणि ८ लाख अनामत अशा घराला, वर्षाचं शुल्क येतं २०० रुपये. तेव्हा आकडा कमी लिहिण्याचं कारण मुद्रांक नसतं, दुसरंच काही असतं. पूर्ण रक्कम करारात हवी, आणि ती कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेतून, कोणत्या व्यवहार क्रमांकाने दिली हेही हवं. रोख दिली असेल तर निदान सही केलेली पावती. ही माहिती भरताना चूक राहिली तर ती पुढे तशीच सूची क्रमांक २ वर, म्हणजे नोंदणीनंतर मिळणाऱ्या दस्ताच्या सारांशावर (इंडेक्स टू) येते, म्हणून अंगठा देण्याआधी मसुद्याची पीडीएफ मागून आकडे अक्षरात आणि अंकात जुळवून बघावेत. एजंटकडे जुन्या पक्षकाराचा मसुदा कॉपी करायची सवय असते. डिपॉझिटच्या जागी भाडं आणि भाड्याच्या जागी मेंटेनन्स असले घोळ त्यातूनच होतात.

नोंदणीमुळे मिळतं काय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती पाळली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फारसं माहीत नसलेला भाग पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं सिद्ध करणं मालकाकडे. म्हणजे नोटरीच्या शिक्क्यावर भागवलेल्या करारात घाबरायचं कारण मालकाला जास्त आहे. ‘नोटरी पुरते’ असं सांगणारा एजंट मालकाचंही भलं करत नसतो. भाडेकरूने मात्र या तरतुदीवर विसंबून नोंदणी टाळू नये, कारण तोंडी म्हणणं ग्राह्य धरलं गेलं तरी पैसे दिल्याचा पुरावा शेवटी आपल्यालाच दाखवावा लागतो.

आता मसुद्यातली मेख. मुदत संपल्यावर भाडेकरूने जागा सोडली नाही, तर रोजच्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई, असं कलम प्रचलित मसुद्यात असतं. याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ देखील मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा आणि दुप्पट दराने भरपाई मागू देतं. २०,००० भाड्याच्या घरात हा दर रोजचा १,३३३ रुपये पडतो; दहा दिवस रेंगाळलं की १३ हजार गेले. आता त्याच मसुद्यात डिपॉझिटचं कलम काढून बघा. मुदत संपल्यावर बिनव्याजी परत करावं, एवढ्यावर बहुतेक मसुदे थांबतात. किती दिवसांत? उशीर झाला तर काय? कपात कशाची, पुरावा कोणता? त्यावर ओळ नाही. भाडेकरूच्या उशिराला मीटर लावलेलं आणि मालकाच्या उशिराला काहीच नाही, हा या सेवेचा सगळ्यात मोठा दोष. तो सॉफ्टवेअरचा नाही, मसुद्याचा आहे, आणि दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही, कारण इतर अटींच्या रकान्यात स्वतःचा मजकूर घालता येतो. असं काही घाला (परवाना देणारा म्हणजे मालक, परवानाधारक म्हणजे भाडेकरू) :

‘परवानाधारकाने जागा रिकामी करून चावी देताच उभयतांनी जागेची पाहणी करावी व परवाना देणाऱ्याने अनामत रक्कम त्याच दिवशी परवानाधारकाच्या बँक खात्यात जमा करावी. कपात करावयाची असल्यास तिचा बाबवार तपशील व पावत्या ७ दिवसांच्या आत लेखी द्याव्यात. वाद नसलेली रक्कम मात्र रोखून धरू नये. विलंब झाल्यास थकीत रकमेवर दरसाल १२ टक्के व्याज देय राहील.’

इथेही ‘दुप्पट’ का लिहू नये? कारण भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा कितीही फुगवला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं. १२ टक्के टिकायला सोपं, आणि मालकही त्यावर फार कुरकुर करत नाही. एजंट म्हणेल ‘सिस्टीम घेत नाही’. घेते. त्याला टाइप करायचा कंटाळा असतो.

दुसरी दुर्लक्षित जागा म्हणजे परिशिष्टातली सामानाची यादी. एजंट तिथे ‘पंखे, ट्यूब, गीझर’ लिहून मोकळा होतो. पण भांडण होतं ते स्थितीवरून. ‘गीझर १, १५ लिटर, चालू, बाहेरून गंज’, ‘किचन ओट्याखालचं दार १, बिजागरी सैल’, ‘हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल, खिडकीखाली दोन फूट’ असं लिहिलेलं असेल तर जाताना बोट फिरवायला फार जागा उरत नाही. परिशिष्टात एवढं बसत नसेल तर सामान आत नेण्याआधी प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी ईमेल करा. बाथरूमच्या टाइल्समधल्या फटी, सिंकखालचा पाइप, बेसिनचा कडेचा तडा आणि सरकत्या खिडक्यांचे रूळ, या चार जागा जवळून घ्या. मीटरचं रीडिंग आणि मीटर नंबर एकाच फोटोत यायला हवेत.

रंगकामाच्या नावाने सर्वांत जास्त पैसे कापले जातात. मसुद्यातच सामान्य झीज वगळून, असे शब्द असतात, ते शोधून अधोरेखित करून ठेवा. भाडेपट्ट्यासाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ हेच सांगतं : वाजवी झीज सोडून जागा होती तशी परत करायची. लीव्ह अँड लायसन्स हा काटेकोरपणे भाडेपट्टा नाही, तरी मोजपट्टी तीच वापरली जाते. उन्हाने फिकटलेला रंग, कॅलेंडरच्या खिळ्याची दोन-चार भोकं, गॅसच्या मागचा हलका पिवळेपणा ही झीज झाली. लहान मुलाने स्केचपेनने रंगवलेली भिंत, ड्रिलने पाडलेलं प्लास्टर, दुहेरी टेपबरोबर निघून आलेली पुट्टी हे नुकसान. आणि नुकसान असलं तरी पूर्ण घराच्या नव्या रंगाचा खर्च भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. वाटाघाटीचा साधा हिशेब असा : रंग तीन वर्षं टिकतो असं दोघांनी मान्य केलं आणि तुम्ही दोन वर्षं राहिलात, तर उरलेल्या एका वर्षाचा, आणि तोही खराब झालेल्या भिंतींपुरताच, म्हणजे त्या भिंतींच्या खर्चाचा एक तृतीयांश. पेंटरचं कोटेशन खोलीवार मागा. ‘रंग आणि सफाई १५,०००’ अशा एका ओळीवर होकार देऊ नका. नव्या भाडेकरूसाठी मालक घर रंगवतो तो त्याच्या धंद्याचा खर्च.

बिलांचं तसं सोपं आहे. वीजबिल महिनाभर मागे चालतं, पाइप गॅसचं बिल अनेक ठिकाणी दोन महिन्यांनी येतं. म्हणून ‘बिलं येऊ देत, मग बघू’ म्हणत संपूर्ण डिपॉझिट अडकवलं जातं. निघायच्या दिवशीचं रीडिंग घ्या, मागच्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करून सरासरी काढा, मधल्या युनिटला गुणा, वर पाच-दहा टक्के धरून तेवढेच पैसे मालकाकडे राहू द्या. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी, कुणी भरायचे हे करारात आधीच पाहा. शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाहीत, आणि करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर ते मालकाने सोसायटीला द्यायचे. डिपॉझिटमधून त्यांची वजावट दिसली तर सोसायटीचं बिल मागा.

शेवटच्या महिन्याच्या भाड्याचं काय? ‘डिपॉझिटमधून वळतं करा’ असं सांगून भाडं थांबवणं फार चालतं. मालकाबद्दल शंका असलेल्याला दुसरा मार्गही दिसत नाही. पण करारात तशी सोय नसेल तर ती भाड्याची थकबाकी ठरते, आणि हिशेबाच्या वेळी मालकाच्या हातात आयतं कोलीत मिळतं. शिवाय नोटिशीच्या काळात थकबाकी दिसली की लॉक-इन (घर सोडता येत नाही असा करारात ठरलेला सुरुवातीचा काळ), दंड, सगळं उकरलं जातं. मालकाचा लेखी होकार, मग तो व्हॉट्सअॅपवर असला तरी, आधी घ्या : ‘नोव्हेंबरचं भाडं २०,००० डिपॉझिटमधून वळतं केलं, शिल्लक डिपॉझिट ८०,०००.’ शिल्लक आकडा त्या ओळीत हवाच. नाहीतर पुढे ‘डिपॉझिट मिटलं’ असा अर्थ लावणारे असतात.

महिना अर्धवट राहिला तर दिवसांवर भाडं. १८,००० भाड्याच्या घरातून १२ तारखेला निघालात तर ३१ दिवसांनी भागून ६,९६८ आणि ३० ने भागून ७,२००. फरक २३२ रुपयांचा, पण फोनवरचं भांडण तासाचं; एजंटला मसुद्यात भागाकार लिहायला सांगा. नोटीस ज्या दिवशी पोचली त्या दिवसापासून महिना धरायचा की पुढच्या १ तारखेपासून, हेही त्यातच. मसुद्यात नुसतं ‘एक महिन्याची नोटीस’ असेल तर पोचल्या दिवसापासून धरणं योग्य, म्हणून ती ईमेलने पाठवून उत्तर घ्यावं. दरमहा ५० हजारांवर भाडं असेल तर घर सोडण्याच्या महिन्यात भाडेकरूनेच टीडीएस, म्हणजे भाड्यातून आधीच कापून सरकारला भरायचा आयकर, कापायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ वरून २ टक्क्यांवर आला. एप्रिल ते डिसेंबर ६०,००० दराने नऊ महिने राहिलात तर कापायचे १०,८००. शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं असलं तरी हे पैसे भरावेच लागतात. शिल्लक हिशेबात ते मालकाकडून वसूल धरा. मालक परदेशस्थ असेल तर दर आणि मर्यादा दोन्ही वेगळे, तिथे सीएला विचारल्याशिवाय भाडंच देऊ नये.

डिपॉझिट हातात पडेपर्यंत चावी द्यायची नाही, हा सल्ला सोसायटीच्या बाकावर हमखास मिळतो. तो महागात पडतो. मुदत संपल्यावर ताबा ठेवला की वर सांगितलेलं दुप्पट मीटर सुरू होतं. सहा महिने अडकलेल्या १ लाखावरचं १२ टक्के व्याज होतं ६,०००, आणि तेवढे पैसे चावी रोखून पाच दिवसांतच संपतात. चावी आणि पैसे एकाच बैठकीत बदलावेत, म्हणजे मालकाने तिथेच बसून मोबाइलवरून रक्कम पाठवावी. चेक देत असेल तर तारीख त्याच दिवशीची. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग पैसे द्यायला १५ दिवस, तरीही नाही तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. नुसत्या ‘टाकतो संध्याकाळी’ यापेक्षा चेक बरा, तो याच कारणाने.

लॉक-इन मोडून लवकर निघणाऱ्यांसाठी : सगळं डिपॉझिट जप्त, असं लिहिलेलं असलं तरी तेच अंतिम नाही. पुन्हा कलम ७४. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात म्हटलं की नुकसान झालंच नसेल तर अशी जप्ती टिकत नाही. तुम्ही १५ तारखेला सोडलेलं घर मालकाने १ तारखेला दुसऱ्याला दिलं असेल तर त्याचं नुकसान अर्ध्या महिन्याचं. नवा भाडेकरू कधी आला ते वॉचमनच्या रजिस्टरमध्ये असतं.

आणि मालकाने मधेच घर विकलं तर? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे नवा मालक जुन्या परवान्याने आपोआप बांधला जात नाही. डिपॉझिट ज्याने घेतलं त्याच्याकडेच मागायचं. खरेदीदार, विक्रेता आणि तुम्ही अशा तिघांच्या सह्यांचा कागद झाला तरच ती जबाबदारी पुढे सरकते.

पैसे अडकलेच तर पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ हे उत्तर ठरलेलं. तिथे महिने घालवण्यापेक्षा आधी नोटीस पाठवा. वकिलाकडून असली तर बरं, स्वतः स्पीड पोस्टाने पाठवली तरी चालते. तीत तीन गोष्टी हव्यात : नोंदणीकृत कराराचा दस्त क्रमांक, बाकी रकमेचा हिशेब, आणि अमुक तारखेपासून व्याज मागितलं जाईल हे स्पष्ट वाक्य. करारात व्याज लिहिलेलं नसलं तरी व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे अशा लेखी मागणीपासून व्याज देता येतं. वाक्य विसरलं तर तो काळ वाया जातो. दाव्याची मुदत पैसे देय झाल्यापासून ३ वर्षं. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या फोनने ती वाढत नाही, मुदत संपण्याआधी सहीची लेखी कबुली लागते. नोंदणीकृत करार हा लेखी करार असल्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो, आणि त्यात मालकाला बचावासाठी कोर्टाची परवानगी काढावी लागते. दोन-चार लाखांच्या आतल्या रकमेला मात्र आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व लोकअदालतीचा, म्हणजे दावा लावण्याआधीच तडजोडीचा, अर्ज करणं शहाणपणाचं; फी नाही, आणि तिथलं बोलावणं आलं की बरेच मालक हिशेबाला बसतात. स्त्रियांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

२०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नको आणि ताबा घेतानाच ते परत द्यावं, असं आहे. इंटरनेटवर त्याचे दाखले भरपूर फिरतात. पण तो नमुना आहे. ज्या राज्याने स्वीकारला तिथेच लागू. मुंबई-पुण्यातल्या मालकाला तो दाखवून उपयोग नाही, इथे १९९९ चाच कायदा चालतो.

करार आधीच झाला आहे आणि त्यात डिपॉझिट परतीचा वर दिलेला मजकूर नाही, अशांनी निघताना अर्ध्या पानाची ताबा पावती करावी. तारीख आणि वेळ, चाव्या किती (लेटरबॉक्सची आणि गच्चीची धरून), वीज व गॅसचं रीडिंग, परिशिष्टातलं सामान जागेवर असल्याची नोंद, ठरलेली कपात बाबवार, आणि खाली : ‘अनामत १,००,००० पैकी ९६,४०० रुपये अमुक तारखेपर्यंत देणे बाकी.’ दोघांच्या सह्या, जमल्यास कराराच्या वेळच्याच साक्षीदारांच्याही. मालक कपातीच्या आकड्यावर सही करायला तयार नसेल तर तेवढी ओळ ‘वाद आहे’ लिहून मोकळी सोडा आणि बाकीच्यावर सही घ्या. तेही नको म्हणाला तर हाच मजकूर त्याच्यासमोर उभं राहून त्याच्या नंबरवर पाठवा, चाव्या टेबलावर ठेवलेल्या फोटोसकट.